लोणारसाठी डॉलर: ग्रहविज्ञानाच्या विद्यार्थ्याने अनुदानाचा अर्ज कसा करावा

ग्रहविज्ञानात संशोधन करणाऱ्याला पैसे लागतात ते महिन्याच्या खर्चाला, फील्डवर्कला आणि परिषदेला जायला. या तिन्हींची दारं वेगळी आहेत. एकाच अर्जात सगळं मागितलं, तर अर्ज सहसा पहिल्याच चाळणीत गळतो.

महिन्याचा प्रश्न आधी मिटवा. सीएसआयआर-नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेत 'पृथ्वी, वातावरण, महासागर आणि ग्रहविज्ञान' असा विषयच आहे. त्यातून जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलोशिप) मिळाली की पहिली 2 वर्षं महिना 37,000 रुपये, पुढे 42,000; घरभाडं वेगळं, आणि कलिना-पवईत खोली शोधणाऱ्याला त्याचं मोल कळतं. प्रवर्गानुसार बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिपही आहेत. मात्र दोन फेलोशिप एकदम घेता येत नाहीत.

फील्डवर्कसाठी बॅरिंजर फॅमिली फंड पाहा. जगातल्या कुठल्याही ज्ञात किंवा संशयित उल्काविवरावर प्रत्यक्ष काम करणाऱ्या एमएस्सी, पीएच.डी. आणि पोस्टडॉक संशोधकांना तो साधारण 2500 ते 5000 डॉलर देतो. मुंबईकराला यात एक सोय आहे: बुलढाण्यातलं लोणार. सुमारे 1.8 किमी व्यासाचं हे विवर बेसाल्टमध्ये, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या खडकात आहे, आणि चंद्र-मंगळाच्या पृष्ठभागावरही बेसाल्टच जास्त. पृथ्वीवर असं विवर दुर्मीळ.

तरी 'लोणारचा सखोल अभ्यास' एवढ्यावर कोणी पैसे देत नाही. प्रश्न नेमका हवा. उदाहरणार्थ, लोणारचं वय थर्मोल्युमिनेसन्सने (नमुना तापवल्यावर निघणाऱ्या प्रकाशावरून) सुमारे 52,000 वर्षं निघालं, तर आर्गॉन पद्धतीने (खडकात साठलेल्या आर्गॉन वायूवरून) सुमारे 5,70,000. इतकी तफावत का, कुठले नमुने कुठून घेतले की ती सुटेल, आणि तेवढ्यासाठी किती दिवस लागतील, हे पहिल्या परिच्छेदातच लिहा.

बजेट त्यातूनच निघतं. जालन्यापर्यंत रेल्वे, पुढे जीप, मुक्काम किती रात्री, नमुने किती, त्यांच्या थिन सेक्शनचा (सूक्ष्मदर्शकासाठी कापलेल्या खडकाच्या पातळ चकतीचा) दर काय, असा एकेक आकडा मांडा. 'किरकोळ खर्च' ही ओळ मोठी दिसली की परीक्षकाची भुवई उंचावते. लोणार अभयारण्य आहे, त्यामुळे वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय दगड उचलता येत नाही. परवानगीचा अर्ज आधीच टाकून त्याची पोच जोडलीत, तर काम होईल असा विश्वास बसतो.

गाइडचं पत्र शेवटच्या आठवड्यात मागू नका. महिनाभर आधी प्रस्ताव त्यांच्या हातात द्या. नाहीतर 'मेहनती, होतकरू विद्यार्थी' छापाचं पत्र येतं, जे कुणालाही चालेल आणि म्हणून तुमच्या कामाचं नसतं. बोनाफाईडलाही ऑफिसच्या खेपा धरूनच चाला.

परिषदेचं गणित उलटं: आधी अ‍ॅब्स्ट्रॅक्ट (संशोधनाचा गोषवारा), मग प्रवासाची मदत. टेक्सासमधली लुनार अँड प्लॅनेटरी सायन्स कॉन्फरन्स मार्चमध्ये असते आणि तिचे दोन पानी अ‍ॅब्स्ट्रॅक्ट जानेवारीतच द्यावे लागतात. प्रवास पुरस्कारासाठी त्यावर पहिलं नाव तुमचं हवं. मुदतीची वेळ ह्यूस्टनच्या घड्याळाची असते. जानेवारीत तिथले संध्याकाळचे 5 म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटेचे 4:30. फाइल आदल्या दुपारीच चढवा, आणि निकालाची वाट न पाहता बीकेसीतल्या व्हिसा मुलाखतीची तारीख घेऊन ठेवा.