‘पुट ऑफ’ कसे आणि कुठे वापरावे

‘पुट ऑफ’ हे इंग्रजी जोडक्रियापद वाक्यात घालण्याआधी त्याचे कर्म काम आहे की माणूस, एवढे पाहावे. बैठक, परीक्षा, प्रवास असे काही कर्म असेल, तर अर्थ ‘पुढे ढकलणे’ असा होतो. कर्म माणूस असेल, तर अर्थ पार बदलतो आणि बहुतेकांची गफलत तिथेच होते.

बालगंधर्व रंगमंदिरातला शनिवारचा प्रयोग पुढच्या आठवड्यात होणार असेल, तर ‘द शो हॅज बीन पुट ऑफ टिल नेक्स्ट वीक’ असे म्हणावे. प्रयोग होणारच नसेल, तर मात्र ‘कॉल्ड ऑफ’ म्हणावे लागते. जुने तिकीट जपून ठेवायचे की पैसे परत मागायचे, हे ऐकणारा या एका शब्दावरून ठरवणार असल्यामुळे येथे सैलपणा चालत नाही.

‘पोस्टपोन’चाही अर्थ जवळपास हाच आहे, परंतु तो शब्द सूचनाफलकावर आणि कार्यालयीन पत्रात शोभतो, तर ‘पुट ऑफ’ बोलण्यात. शिवाय ‘पुट ऑफ’मध्ये पुष्कळदा चालढकलीची छटा असते. ‘आय कीप पुटिंग ऑफ माय टॅक्स रिटर्न’ म्हणजे मी विवरणपत्र भरायला आज-उद्या करतो आहे. म्हणूनच हिंजवडीतल्या कार्यालयातून परदेशी ग्राहकाला ‘वुई हॅव पुट ऑफ द रिव्ह्यू’ असे कळवले, तर आपण कामाला टाळाटाळ करत आहोत असा त्याचा समज होऊ शकतो. तिथे ‘पोस्टपोन्ड’ किंवा ‘मूव्ह्ड टु मंडे’ लिहिणे शहाणपणाचे.

रचनेकडेही लक्ष द्यावे. नाम असेल तर ‘पुट ऑफ द मीटिंग’ आणि ‘पुट द मीटिंग ऑफ’ दोन्ही चालतात. सर्वनाम मात्र मध्येच येते, म्हणजे ‘पुट इट ऑफ’ बरोबर आणि ‘पुट ऑफ इट’ चूक. पुढे क्रिया आली, तर ती ‘इंग’ लावून येते: ‘ही पुट ऑफ गोइंग टु द डेंटिस्ट’. मराठीत ‘जायचे टाळले’ म्हणत असल्यामुळे ‘पुट ऑफ टु गो’ सहज तोंडात येते, पण ते चूक आहे. भूतकाळातही रूप ‘पुट’च राहते.

आता माणसाविषयी. घराचा ताबा देण्याबाबत बिल्डर दर महिन्याला नवे कारण सांगून टोलवत असेल, तर ‘ही कीप्स पुटिंग मी ऑफ’ हे त्या अनुभवाचे नेमके वर्णन होय. दुसरा अर्थ मन उडण्याचा किंवा हिरमोड होण्याचा. सिंहगडाचा चढ पाहून कचरणाऱ्या पाहुण्याला ‘डोन्ट लेट द क्लाइंब पुट यू ऑफ’ असे सांगता येते, म्हणजे चढाला बिचकून बेत सोडू नका. ‘द स्मेल पुट मी ऑफ माय फूड’ म्हणजे त्या वासाने माझी जेवणावरची वासनाच उडाली. फलंदाजाचे चित्त विचलित होण्यासही, विशेषतः ब्रिटिश इंग्रजीत, हेच क्रियापद वापरतात.

‘पुट ऑन’ म्हणजे अंगावर घालणे. पण त्याच्या उलट ‘टेक ऑफ’ येते, ‘पुट ऑफ’ नव्हे. हेल्मेट ‘पुट ऑन’ करायचे असते. पुणेकरांनी हेल्मेट घालणे वर्षानुवर्षे ‘पुट ऑफ’ केले, हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे, पण तो निराळा विषय. घरोघरी ऐकू येणारे ‘लाइट पुट ऑफ कर’ आपल्याकडे सर्वांना समजते. ब्रिटन-अमेरिकेतल्या माणसाशी बोलताना मात्र ‘टर्न ऑफ’ किंवा ‘स्विच ऑफ’ म्हणावे.