बागेची कडक माती भुसभुशीत करताना या चुका टाळा

माती कडक झाली की कोल्हापुरात पहिला सल्ला मिळतो तो वाळू घालण्याचा. कृपा करून तो ऐकू नका. पंचगंगेकाठच्या काळ्या मातीचे कण इतके बारीक असतात की वाळूच्या खड्यांमधल्या फटी ते भरून टाकतात आणि उन्हात वाफा विटेसारखा घट्ट होतो. खरा फरक पडायचा तर निम्म्याहून अधिक वाळूच लागेल. माती मोकळी होते ती सेंद्रिय पदार्थ कुजल्यामुळे. त्यातून सुटणारा चिकटपणा आणि बुरशीचे धागे बारीक कण एकत्र बांधतात, माती रवाळ होते, रव्यांमधून हवा-पाणी खेळतं.

दुसरी चूक ऊसपट्ट्यातली खास. पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, फुकट मिळतं म्हणून लोक ते तसंच मातीत पुरतात. त्यात कर्ब भरपूर, नत्र अगदी कमी. ते कुजवणारे जिवाणू मातीतलं नत्र स्वतःसाठी ओढून घेतात आणि वांगी-मिरचीची खालची पानं आधी पिवळी पडतात. असं झालंच असेल तर शेंगदाण्याची पेंड भिजवून, पातळ करून बुंध्याशी द्या. पुढच्या वेळी पाचट वर अंथरा, पुरू नका. आच्छादन म्हणून त्याला तोड नाही: पावसाचा मार मातीवर बसत नाही, उन्हाळ्यात भेगाही कमी पडतात.

शेणाचंही तसंच. गोठ्यातलं ताजं शेण घालू नका, त्यातून हुमणी (मुळं खाणारी अळी) आणि तणाचं बी येतं. चांगलं कुजलेलं शेणखत हातात चुरतं, त्याला शेणाचा वास येत नाही. त्याचा दोन इंच थर वरच्या सहा-आठ इंचांत मिसळा, आणि हे दरवर्षी करा. एका वर्षात माती बदलत नाही.

वाफसा, म्हणजे खणण्याजोगी बेताची ओल, नसताना कुदळ लावू नका, हे मात्र सगळ्यात महत्त्वाचं. मूठभर माती दाबून गोळा करा, अंगठ्याने टोचा. फुटला तर खणा. नुसता खड्डा पडला तर दोन दिवस थांबा. ओल्या मातीत खणलं की अशी ढेकळं होतात की पुढे हातोडीनेही फुटत नाहीत.

गुऱ्हाळाच्या चुलवाणाची राख काळ्या मातीत टाळाच, ही माती आधीच विम्लधर्मी (अल्कधर्मी) असते. माती मोकळी व्हावी म्हणून जिप्सम आणण्याआधी वाळलेलं ढेकूळ पावसाच्या पाण्यात न हलवता दिवसभर ठेवा. भोवती दुधाळ गढूळपणा पसरला तर माती चोपण (सोडियम जास्त असलेली) असावी; तपासणी करून घ्या, मगच जिप्सम. पाणी निवळ राहिलं तर तो पैसा शेणखतावर घाला.