जुन्या डेस्कटॉपची रॅम वाढवावी का? आधी मोजा, मग ठरवा

कॉम्प्युटर रखडायला लागला की पहिला संशय रॅमवर, म्हणजे उघडे प्रोग्रॅम ठेवायच्या मेमरीवर जातो. पण रॅम वाढवून फरक पडतो तो ती खरोखर अपुरी पडत असेल तरच. तेव्हा खरेदीआधी दहा मिनिटं मोजमापाला द्या.

टंचाई खरी आहे का?

रोज एका वेळी जेवढं उघडं असतं तेवढं सगळं उघडा: ब्राउझरचे टॅब, एक्सेल, व्हिडिओ कॉल. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जा. वापर ७० टक्के दिसला म्हणून घाबरू नका. पाहायचं ते ‘अव्हेलेबल’ आणि ‘कमिटेड’. कमिटेडमधला पहिला आकडा म्हणजे प्रोग्रॅमांनी मागून ठेवलेली मेमरी. ८ जीबीच्या मशीनवर तो साडेआठ असेल तर चालतं, कारण मागितलेलं सगळं वापरलं जातंच असं नाही. तो ११-१२ झाला असेल आणि अव्हेलेबल काहीशे एमबीवर आलं असेल, तर टंचाई खरी.

खात्री करायची तर विंडोजमधल्याच रिसोर्स मॉनिटरच्या मेमरी टॅबमध्ये हार्ड फॉल्ट्सचा आलेख पाहा. नवा प्रोग्रॅम उघडताना तो उसळणारच. मात्र आधीच उघड्या असलेल्या दोन विंडोंमध्ये जा-ये करतानाही तो सतत वर राहिला, तर रॅममध्ये न मावलेला भाग डिस्कवरून परत आणला जातोय.

रॅम निम्मी मोकळी, तरी डिस्क १०० टक्क्यांवर अडकलेली? मग पैसे एसएसडीवर (फिरते भाग नसलेल्या वेगवान डिस्कवर) घाला. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कच्या मशीनमध्ये एसएसडीने पडतो तेवढा फरक रॅमने क्वचितच पडतो. प्रोसेसरच पूर्ण व्यापलेला असेल तर दोन्हींचा उपयोग नाही.

मशीन किती रॅम घेईल?

सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग अबाउट उघडून विंडोज ३२ बिट आहे की ६४ ते बघा. घरगुती ३२ बिट विंडोज ४ जीबीच्या पुढची रॅम वापरत नाही. ६४ बिटवर जायचं तर विंडोज नव्याने टाकावं लागतं.

सीपीयू-झेड या मोफत प्रोग्रॅममध्ये मदरबोर्डचं (आतल्या मुख्य सर्किट बोर्डाचं) मॉडेल आणि कोणत्या स्लॉटमध्ये रॅमची कोणती स्टिक, म्हणजे पट्टी, आहे याची माहिती मिळते. त्या मॉडेलचं मॅन्युअल काढून कमाल मर्यादा पाहा. डीडीआर२, डीडीआर३ आणि डीडीआर४ या रॅमच्या पिढ्यांच्या खाचेची जागा वेगवेगळी असते, त्यामुळे एकाची स्टिक दुसऱ्याच्या स्लॉटमध्ये बसत नाही. बसवायचा हट्ट धरला तर स्लॉट तुटतो.

खरी फसगत होते ती बरोबर बसूनही न चालणाऱ्या स्टिकमुळे. इंटेलच्या दुसऱ्या ते चौथ्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरना डीडीआर३ची एक स्टिक जास्तीत जास्त ८ जीबीची चालते. म्हणजे दोन स्लॉटच्या बोर्डवर १६ जीबीला हद्द संपली. स्वस्तात मिळणाऱ्या सर्व्हरच्या ‘रजिस्टर्ड’ स्टिक साध्या डेस्कटॉपमध्ये चालत नाहीत. ‘फक्त एएमडीसाठी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या स्टिक इंटेल बोर्डवाल्यांनी टाळाव्यात.

वेगळ्या वेगाच्या स्टिक एकत्र लावल्या तर सगळ्या सर्वात हळू स्टिकच्या वेगाने चालतात: १३३३ आणि १६०० मिळून १३३३. चालतं, पण सारखी जोडी असेल तर ड्युअल चॅनेलचा, म्हणजे दोन्ही स्टिक एकाच वेळी वापरण्याचा पूर्ण लाभ मिळतो.

मग घ्यावी का?

४ वरून ८ जीबी करणं सहसा फळतं. ८ वरून १६ फक्त मोजमाप सांगत असेल तरच. डीडीआर२च्या मशीनवर आता खर्च करू नये, असं आमचं स्पष्ट मत. डीडीआर३ असेल तर वापरलेली स्टिक चालेल, फक्त परत करायची मुभा असू द्या. विंडोज १०चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि रॅम वाढवल्याने जुना प्रोसेसर विंडोज ११च्या यादीत येत नाही, हेही हिशेबात धरा.

बसवताना

1. मशीन बंद करा, वायर काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगावरची स्थिर वीज घालवा.
2. जोडीसाठी कोणते स्लॉट ते मॅन्युअलमध्ये पाहा. चार स्लॉटच्या बऱ्याच बोर्डांवर प्रोसेसरकडून दुसरा आणि चौथा.
3. स्टिक कडांना धरा, खाच जुळवा आणि दोन्ही टोकांवर सारखा दाब द्या. क्लिप ‘टक्’ करून आपोआप मिटली पाहिजे. काही बोर्डांवर ती एकाच बाजूला असते.

सुरू केल्यावर स्क्रीन काळीच राहिली किंवा बीप वाजले, तर बहुतेक वेळा स्टिक अर्धवट बसलेली असते. वायर काढून ती पुन्हा बसवा. चालू झालं की मेमटेस्ट८६+ या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रॅमची निदान एक पूर्ण फेरी होऊ द्या. चूक दाखवली तर एकेक स्टिक त्याच एका स्लॉटमध्ये लावून तपासा, म्हणजे दोष स्टिकचा की स्लॉटचा ते कळेल.