गल्फमध्ये स्वतःच्या लायसनवर काम करताय? कर आणि खर्चाच्या हिशोबातल्या या चुका टाळा

“तिकडे टॅक्सच नाही, मग हिशोब कशाला?” खेड, मंडणगड, म्हसळा, श्रीवर्धन या पट्ट्यातून आखातात गेलेल्या माणसांकडून हे वाक्य मी सतत ऐकतो. आधीची पिढी कंपनीच्या व्हिसावर गेली, महिन्याच्या महिन्याला पगार घेतला, तिचं यावाचून फारसं अडलं नाही. आता एसीचं काम, इंटिरियर, वेल्डिंग तपासणी, ड्रॉइंग करणारी आपली मुलं तिकडे स्वतःच्या लायसनवर काम घेतात. त्यांचा हिशोब ठेवायला कुठल्याही कंपनीचं ऑफिस नसतं. तो स्वतः ठेवला नाही तर तीन-चार वर्षांनी गावात घर बांधायला काढताना, प्लॉट विकताना किंवा नोटीस आल्यावर धावाधाव होते, आणि तोवर निम्मे कागद हरवलेले असतात.

तारीख न मोजता तिकीट काढणं

परदेशातल्या कमाईवर भारतात कर लागणार की नाही, हे मुख्यतः तुम्ही आर्थिक वर्षात किती दिवस भारतात होतात यावर ठरतं. कामधंद्यासाठी देश सोडून जाणारा भारतीय नागरिक १ एप्रिल ते ३१ मार्च या काळात १८२ दिवसांपेक्षा कमी दिवस इथे असेल, तर त्या वर्षी तो अनिवासी. १ एप्रिलपासून मोजत गेलं की २८ सप्टेंबरला १८१ दिवस होतात. म्हणजे गणपती करून सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात निघालेला माणूस सुटतो. दसरा करून ऑक्टोबरमध्ये निघालेला मात्र त्या वर्षापुरता निवासी राहतो, आणि पुढच्या मार्चपर्यंत दुबईत किंवा मस्कतला मिळवलेली सगळी कमाई भारतात करपात्र होते. तिकडे कर भरलेला नसतो, त्यामुळे इथल्या करातून वजा करायलाही काही नसतं. दोन-तीन आठवड्यांच्या फरकाने लाखाच्या घरात कर बसतो. पहिल्या वर्षी तिकीट काढण्याआधी कॅलेंडर समोर घ्या, एवढंच कळकळीने सांगतो.

ही १८२ दिवसांची सवलत फक्त पगारी नोकरीला आहे असं काही जण ठामपणे सांगतात. केरळ उच्च न्यायालयाने २०११ मध्ये यात स्वतःचा व्यवसायही धरला आहे. पण तुम्ही कामासाठीच गेलात हे दाखवायला फ्रीलान्स परमिट, ट्रेड लायसन किंवा कामाचा करार हवा. टुरिस्ट व्हिसावर जाऊन काम शोधणाऱ्याला ही सवलत मागणं जड जातं.

पुढच्या वर्षांत घोळ होतो तो सुट्ट्यांचा. गणपतीला पंधरा दिवस, मग कुणाचं आजारपण, शिमग्याला पालखी, मेमध्ये लग्न आणि आंबे. शिमगा बहुधा एका आर्थिक वर्षात पडतो आणि मे महिना पुढच्या, त्यामुळे डोक्यातल्या डोक्यात केलेली बेरीज चुकते. येण्याचा आणि जाण्याचा, दोन्ही दिवस भारतातले धरा, म्हणजे वादाला जागा उरत नाही. पासपोर्ट बदलला तरी जुना जपून ठेवा, शिक्के त्यात असतात.

भारतातलंच उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल, म्हणजे गाळ्यांचं भाडं, शेअर्स, गणपतीपुळ्याजवळचं लॉज वगैरे, तर नियम आणखी कडक होतात. १२० दिवस इथे राहिलात आणि मागच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस भारतात असलात, तर १८२ ची मर्यादा कामाला येत नाही. कुठल्याच देशात कर लागू नसलेला भारतीय नागरिक तर या उत्पन्नावर एकही दिवस इथे न राहता निवासी मानला जाऊ शकतो. दोन्ही वेळी दर्जा ‘साधारण निवासी नसलेला’ असा मिळतो आणि परदेशातली कमाई सहसा वाचते. अपवाद भारतातून चालवलेल्या धंद्याचा. पावसाळाभर चिपळुणात बसून शारजाची साइट फोनवर चालवणाऱ्याने ही ओळ पुन्हा वाचावी.

१ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर कायदा, २०२५ लागू होत असल्याने कलमांचे क्रमांक बदलतात. दिवस मोजण्याची रीत तीच आहे.

क्लायंटचे पैसे थेट गावच्या खात्यात मागवणं

सगळ्यात महागात पडणारी आणि सगळ्यात कमी माहीत असलेली चूक ही. अनिवासी माणसाला भारतात दोन प्रकारच्या कमाईवर कर लागतो: जी भारतात मिळवली ती, आणि जी पहिल्यांदा भारतात हाती आली ती. तुम्ही बिलावर रत्नागिरीतल्या शाखेतल्या एनआरई खात्याचा, म्हणजे परदेशातली कमाई ठेवायच्या अनिवासीच्या खात्याचा, क्रमांक छापलात आणि दुबईच्या क्लायंटने तिथेच पैसे टाकले, तर ती रक्कम भारतात स्वीकारलेली ठरू शकते. काम दुबईत झालं, तुम्ही अनिवासी आहात, तरी कराचा प्रश्न उभा राहतो. एनआरई खात्यावरचं व्याज अनिवासीला करमुक्त असतं. त्यात आलेली मूळ रक्कमही आपोआप करमुक्त होते, हा समज चुकीचा आहे.

उपाय सोपा आहे. तिकडे खातं उघडा, बिलाचे पैसे आधी त्यात घ्या, मग तिथून घरी पाठवा. आपल्याकडे घराघरात जहाजावरचे लोक असल्याने गोंधळ वाढतो. अनिवासी खलाशाचा परदेशी फेरीचा पगार थेट एनआरई खात्यात आला तरी त्यावर कर धरू नये, असं प्राप्तिकर खात्याच्या २०१७ च्या परिपत्रकात म्हटलं आहे. शेजारच्या भाऊंचा पगार तसा येतो म्हणून आपणही तसंच करतो. ते परिपत्रक जहाजावरच्या पगारापुरतं आहे, कंत्राटदाराला त्याचा आधार नाही.

सुट्टीत दापोलीच्या घरी बसून लॅपटॉपवर दुबईचं काम केलं, तर तेवढ्या दिवसांची कमाई भारतात मिळवलेली धरली जाते. बिलावर काम कुठे आणि कधी केलं ते लिहायची सवय लावा.

आणि हुंडी. दोन पैसे जास्त मिळतात, रोकड घरपोच येते, म्हणून अजूनही लोक त्या वाटेने पाठवतात. परकीय चलन कायद्याचं ते उल्लंघन आहेच. शिवाय त्या रोकडीतून बांधलेल्या घराचा पैसा कुठून आला, हे दाखवणारा एकही कागद तुमच्याकडे उरत नाही. घामाची कमाई बेहिशेबी ठरते आणि तिच्यावर चढ्या दराने कर लागतो. बँकेतून पाठवलेल्या पैशाची पावती हेच तुमचं संरक्षण. मुलाने आईवडिलांना पाठवलेली रक्कम त्यांचं उत्पन्न धरली जात नाही, तेव्हा लपवायचं काही कारणही नाही.

उलाढालीऐवजी नफा बघणं

अमिरातीत पगारावर कर नाही, पण धंद्यावर आहे. १ जून २०२३ नंतर सुरू झालेल्या हिशोब वर्षांपासून कॉर्पोरेट टॅक्स लागू झाला. स्वतःच्या नावावर धंदा करणाऱ्याची कॅलेंडर वर्षातली उलाढाल १० लाख दिरहॅमच्या वर गेली की तो त्यात येतो. इथे उलाढाल म्हणजे एकूण बिलं. १२ लाखांचं फिट-आउटचं (आतल्या सजावटीचं) काम घेतलं, ९ लाख मजुरी आणि मालात गेले, हातात ३ लाख राहिले, म्हणून आपला काही संबंध नाही असं समजू नका. ३,७५,००० दिरहॅमपर्यंतच्या नफ्यावर दर शून्य आहे, त्यापुढे ९ टक्के. तेव्हा कर शून्य येईल, पण नोंदणी आणि रिटर्न चुकत नाही. नोंदणीला उशीर केला तर १०,००० दिरहॅम दंड. ३० लाखांपर्यंत उलाढाल असलेल्यांना छोट्या धंद्याची सवलत आहे, पण ती ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत संपणाऱ्या करकाळापुरती आणि रिटर्नमध्ये स्वतःहून मागितली तरच.

व्हॅटची मर्यादा वेगळी आणि खालची: बारा महिन्यांत ३,७५,००० दिरहॅमची करपात्र बिलं. नोंदणीनंतर ५ टक्के घ्यावे लागतात. करारात ‘व्हॅट वेगळा’ असं लिहिलं नसेल तर ते तुमच्याच मजुरीतून जातात. सौदीत हाच दर १५ टक्के आहे, बहरीनमध्ये १०. एका देशातला दर दुसऱ्या देशातल्या कोटेशनला लावू नका.

खर्चाची सरमिसळ

खोलीचं भाडं, घरी पाठवलेले पैसे, ड्रिल मशीन आणि साइटवरच्या मुलांचं जेवण, सगळं एकाच कार्डावरून जातं. वर्षअखेर धंद्याचा खर्च कोणता हे कुणालाच सांगता येत नाही. धंद्याचं खातं वेगळं ठेवा आणि त्यातून ठरावीक रक्कम स्वतःला ‘पगार’ म्हणून घ्या. लायसनची फी, हत्यारं, सेफ्टी शूज, साइटचा प्रवास, विमा हा धंद्याचा खर्च. राहण्याची खोली, गावची तिकिटं, भिशी हा तुमचा.

दुकानातल्या थर्मल कागदावरची अक्षरं उन्हाने उडतात, गाडीत ठेवलेल्या पावत्या काही महिन्यांत कोऱ्या होतात. पावती हातात आली की फोटो काढा. मोठ्या खरेदीच्या बिलावर तुमच्या लायसनचं नाव आणि विक्रेत्याचा कर नोंदणी क्रमांक हवा. अमिरातीत कॉर्पोरेट टॅक्ससाठी कागद सात वर्षं ठेवावे लागतात. हाताखालच्या माणसाला रोख मजुरी दिलीत तर त्याची सही घ्या, ओळखीचा असला तरी.

गावाकडचं जसंच्या तसं ठेवणं

परदेशी कामाला गेल्यावर साधं बचत खातं तसंच चालवता येत नाही, ते एनआरओ, म्हणजे भारतातल्या उत्पन्नासाठीचं अनिवासीचं खातं, करून घ्यावं लागतं. पॅनवरचा दर्जाही अनिवासी करा. आधार न जोडल्यामुळे अनेकांची पॅन निष्क्रिय झाली, त्यात दर्जा न बदललेले अनिवासी बरेच होते. एनआरओच्या व्याजावर उपकरासह ३१.२ टक्के टीडीएस कापला जातो. तो बघून लोक घाबरतात आणि रिटर्नच भरत नाहीत. नव्या करप्रणालीत ४ लाखांपर्यंतचं उत्पन्न करमुक्त आहे, त्यामुळे व्याज थोडं असेल तर रिटर्न भरून ही रक्कम परत मिळते. मात्र १२ लाखांपर्यंत शून्य कर ही जी बातमी सगळ्यांनी ऐकली, ती सूट फक्त निवासींना आहे. ‘सहज’ आणि ‘सुगम’ हे रिटर्नचे दोन्ही फॉर्म अनिवासीला चालत नाहीत.

कोकणातली सगळ्यांची हौस म्हणजे आंब्याची बाग. अनिवासी माणसाला शेतजमीन, बागायत किंवा फार्महाउस विकत घेता येत नाही. वारसाने आलेली किंवा जाण्याआधी घेतलेली ठेवता येते, आणि आंब्याच्या कलमांचं शेती उत्पन्न करमुक्तही असतं. दलालाच्या भरवशावर टोकन देऊ नका. सातबारा नंतर तुमच्या नावावर चढत नाही आणि पैसे अडकतात.

चूक होऊन गेली असेल तर

बचत खातं तसंच राहिलं असेल तर व्हिसा, पासपोर्ट घेऊन सरळ शाखेत जा आणि बदलून घ्या. थेट एनआरई खात्यात आलेल्या बिलांची यादी करा आणि कराचं काम बघणाऱ्याला आजच दाखवा. मागच्या वर्षाचं उत्पन्न राहून गेलं असेल तर चार वर्षांपर्यंत अद्ययावत रिटर्न भरता येतं. जादा कर पहिल्या वर्षात २५ टक्के, मग ५०, ६० आणि ७० असा चढत जातो. परतावा मागायला मात्र हे रिटर्न चालत नाही, त्यासाठी मूळ किंवा उशिराचं रिटर्न त्याच्या मुदतीतच भरावं लागतं.