कॅम्पला पोरं पाठवायची तर जानेवारीपासून लागा

चर्चच्या उन्हाळी यूथ कॅम्पची फी एप्रिलच्या शेवटी मागू नका. त्या दिवसांत आपल्याकडे घरात पैसा नसतो, आणि असला तरी तो बियाण्या-खतासाठी बांधून ठेवलेला असतो. कापूस विकला जातो डिसेंबर-जानेवारीत, तूरही त्याच सुमारास घरी येते. तेव्हाच घरोघरी जाऊन सांगा की मे महिन्यात कॅम्प आहे, अर्धी फी मंडळी, म्हणजे आपलं चर्च, भरेल, अर्धी तुम्ही भरा, आणि आतापासून थोडी थोडी जमा करा. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातल्या मंडळीत हे पैसे महिला मंडळाकडे वेगवेगळ्या पाकिटांत राहतात. पाकिटावर लेकराचं नाव. ते नाव पाहून माय दर रविवारी दहा-वीस रुपये टाकते. पूर्ण फुकट मात्र कोणाला नेऊ नका, अगदीच हलाखी असेल तर गोष्ट वेगळी. घरचा पैसा लागला की बापही विचारतो, काय शिकून आला रे? आणि बापानं विचारणं फार मोलाचं आहे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. आमचा तरुण संघ नोकरीत असल्यापासून माझ्याकडे आहे. कॅम्पला जाणारी आणि कॅम्पहून येणारी पोरं पाहत आले, त्यावरून सांगते: तिथले चार दिवस आयोजक सांभाळतात, पण त्या दिवसांचं पुढे काय होणार हे गावातली मंडळी ठरवते. म्हणून हे सगळं मी आईबाप, पाळक (पास्टर) आणि तरुण संघ चालवणाऱ्यांसाठी लिहिते आहे.

कॅम्प हवाच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक ०.९६ टक्के होते, म्हणजे शंभरात पुरता एकही नाही, आणि त्यातलेही बरेचसे मुंबई, वसई, पुण्याकडे. आपल्या गावातलं पोरगं वर्गात एकटं ख्रिस्ती असतं. रविवारी उपासनेत त्याच्या वयाचे दोघं-तिघं, बाकी म्हातारी माणसं. असं लेकरू कॅम्पमध्ये जेवणाच्या रांगेत उभं राहतं आणि दीडशे पोरं एकदम डोळे मिटून प्रार्थना म्हणतात, तेव्हा त्याला आपण एकटे नाही हे पहिल्यांदा कळतं. हे कोणत्याही उपदेशानं होत नाही. यवतमाळच्या यूनियन बिब्लिकल सेमिनरी या पाळक घडवणाऱ्या कॉलेजमुळे आपल्या भागात शिकलेले तरुण सेवक असायचे. ती १९८३ मध्ये पुण्याला गेली. तेव्हापासून पोरांना मोठ्या घोळक्यात नेऊन बसवण्याची गरज वाढलीच आहे.

तारीख, जागा आणि विचारायचे प्रश्न

दिवाळीची सुट्टी आपल्या कामाची नाही. तेव्हा सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी असते, पोरं वावरात असतात. नाताळच्या आठवड्यात घरीच धावपळ. उरतो मे. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात, त्यामुळे पुण्या-मुंबईच्या तारखांना बांधून घ्यायचं कारण नाही. फक्त बारावीच्या पोरांच्या नीट आणि सीईटीच्या तारखा पाहून घ्या.

जागा चिखलदरा असेल तर उत्तम. पण तिथं मे महिन्यात पर्यटकांची गर्दी असते, जागा आधी धरावी लागते, आणि परतवाड्याच्या पुढे घाट आहे, म्हणून गाडी लागणाऱ्या पोरांना रिकाम्या पोटी बसवू नका आणि भरल्या पोटीही नको. मेळघाट आहे, साप-विंचू आहेत. प्रत्येकाजवळ टॉर्च पाहिजे आणि रात्री चप्पल घातल्याशिवाय कोणी बाहेर पडायचं नाही. कॅम्प खाली पठारावर असेल तर पारा पंचेचाळीसच्या वर जातो हे गृहीत धरा. अकरा ते पाच मैदानावर एकही खेळ नको. कूलर किती, पाण्याचा टँकर कधी येतो, ओआरएसची पाकिटं कोणाजवळ आहेत, हे फोनवर विचारा. विचारायला संकोच वाटला तर माझं नाव सांगा, म्हणा एक म्हातारी बाई विचारायला लावते.

त्याच फोनवर आणखी गोष्टी विचारायच्या. पहिली भाषा. गाणी सगळी हिंदी-इंग्रजी, वक्ते शहरातले, उदाहरणं मॉलची आणि ऑफिसची, असं असलं की वऱ्हाडी बोलणारं पोरगं पहिल्याच दिवशी मागच्या रांगेत जाऊन बसतं. निदान गटचर्चा मराठीत होईल आणि गटप्रमुख खेड्याकडचाही असेल, असं कबूल करून घ्या. दुसरं, रात्री किती वाजता झोपवता? दहा साडेदहाच्या पुढे कार्यक्रम चालत असेल तर मी स्पष्ट नापसंती कळवते. त्याचं कारण पुढे येईल. तिसरं, बाप्तिस्मा. आपल्याकडे ख्रिस्ती पंथ बरेच, उत्तर भारतीय मंडळी आहे, अलायन्स आहे, फ्री मेथॉडिस्ट, नाझरीन आहेत, आणि प्रत्येकाची रीत वेगळी. लहानपणी बाप्तिस्मा झालेल्या पोराचा कॅम्पमध्ये पुन्हा बाप्तिस्मा करून पाठवला की पाळक आणि आईबाप यांच्यात वर्षभर कटकट राहते. बाप्तिस्मा ज्याच्या त्याच्या मंडळीत, आईबापांच्या डोळ्यांसमोर व्हावा. हे आधी लिहून घ्या.

मुलींबद्दल आईबाप घाबरतात, आणि त्यांचं घाबरणं रास्त आहे. "विश्वास ठेवा" एवढ्यावर त्यांना गप्प करू नका. मुलींसोबत आपल्या गावची एक बाई जाणारच. झोपायची खोली, न्हाणी, संडास कुठं आहे याची माहिती आईला आधी द्या. पॅड सोबत द्या, मागायची वेळ येऊ देऊ नका. अठरा वर्षांखालचं प्रत्येक लेकरू २०१२ च्या पॉक्सो कायद्याखाली बालक आहे. तेव्हा कोणीही मोठा माणूस, पाळक असो की वक्ता, बंद खोलीत एकट्या लेकराशी बोलणार नाही, प्रार्थनेसाठीसुद्धा नाही. दार उघडं, दुसरं कोणी नजरेच्या टप्प्यात. पोरांना हे जायच्या आधी सांगा आणि १०९८ हा चाइल्डलाइनचा नंबर पाठ करून घ्या.

आपल्या पोराचा हिंदू किंवा बौद्ध मित्र सोबत येतो म्हणाला तर त्याच्या घरी स्वतः जा. हा चर्चचा कॅम्प आहे, तिथं बायबल शिकवतात, प्रार्थना होते, हे सरळ सांगा. "उन्हाळी शिबिर" म्हणून झाकू नका. आईबापांनी लेखी होकार दिला तर न्या, नाही म्हणाले तर चहा पिऊन या. गावात आपल्याला त्यांच्यासोबतच राहायचं आहे.

जाण्याआधी

मार्कच्या शुभवर्तमानाचे सोळा अध्याय आहेत. मार्च-एप्रिलमध्ये दर रविवारी दोन वाचले की आठ रविवारांत होतात. पोरांनी ते आळीपाळीनं मोठ्यानं वाचावेत. ज्याला येशूची गोष्ट ठाऊक आहे, त्याला वक्त्याचं बोलणं तपासता येतं. ज्याला ठाऊक नाही, तो फक्त आवाजानं हलतो.

आता शेवटच्या रात्रीबद्दल. बहुतेक ठिकाणी त्या रात्री आवाहन होतं. गाणं हळू आवाजात चालू राहतं, दिवे मंद करतात, आणि ज्याला प्रभूला जीवन द्यायचं आहे त्यानं पुढे यावं म्हणतात. चार दिवस अर्धवट झोपलेलं, घर सोडून आलेलं लेकरू आजूबाजूची शंभर पोरं उठताना पाहतं आणि उठतं. त्याचं उठणं खोटं असतं, असं म्हणणाऱ्याशी मी वाद घालते. पण दरवर्षी तेच पोरगं उठतं, आणि दरवर्षी पोळ्यापर्यंत त्याला वाटायला लागतं की आपण प्रभूला फसवलं. ही टोचणी मी फार पाहिली आहे. दोन-तीन वर्षांनी असं पोरगं उपासनेला येणंच सोडतं, कारण त्याला स्वतःची लाज वाटते. म्हणून आयोजकांना विनंती करा की आवाहन सकाळी ठेवा, झोप झालेली असताना, उजेडात. ते ऐकतील न ऐकतील. पोरांना मात्र आधीच सांगून ठेवा: उठलात तरी चांगलं, बसून राहिलात तरी प्रभू तुमचाच आहे. रात्री जे ठरवाल ते सकाळी चहानंतर सोबत आलेल्या ताईला किंवा दादाला सांगा.

मग त्या ताईनं एकच विचारायचं, की याचं सोमवारी काय करशील? पोरं म्हणतात, रोज दोन तास प्रार्थना करीन. त्याला खाली आणा. सकाळी पाणी भरायच्या आधी दहा मिनिटं. एवढं टिकतं.

परत आल्यावर

पहिल्या रविवारी सगळ्यांना पुढे उभं करून साक्ष द्यायला, म्हणजे देवानं माझ्यात काय केलं ते सांगायला, लावू नका. पाचही पोरं एकच वाक्य बोलतात आणि सहाव्याला ते बोलावं लागतं. त्याऐवजी कामं द्या. एकानं शास्त्रपाठ वाचावा, एकीनं संडे स्कूलची लहान पोरं घ्यावीत, ढोलकी-टाळ पोरांकडे द्या, तिकडून शिकून आलेलं नवं गाणं म्हणू द्या. म्हाताऱ्यांना ते गाणं आवडणार नाही. त्यांना मी आधीच जाऊन भेटते.

पंधरा दिवसांत प्रत्येकाच्या घरी जा. घरी म्हणजे घरीच, व्हॉट्सॲपचा ग्रुप पुरत नाही. आणि सगळ्यांत आधी त्या पोराकडे जा ज्याला कॅम्पमध्ये काहीच वाटलं नाही. तो सांगणार नाही. सगळे रडत होते, हात वर करत होते, आणि हा बसून होता. त्याला वाटतं देव सगळ्यांकडे आला, माझ्याकडे आला नाही; किंवा माझ्यातच काही खोट आहे. अशा पोरासोबत मी स्तोत्र ८८ वाचते. ते स्तोत्र सुरुवातीपासून अंधाराबद्दल बोलतं आणि अंधारातच संपतं, तरी ते प्रार्थना म्हणून पवित्र शास्त्रात आहे. मग त्याला विचारते, तुला कोणता प्रश्न पडला होता? बहुतेकदा त्याच्याजवळ खरा प्रश्न असतो, आणि पुढे मंडळीत टिकणारी माणसं मी या बसून राहिलेल्या पोरांतूनही निघालेली पाहिली आहेत.

खूप रडलेल्या लेकराकडेही जा, पण "किती आशीर्वाद मिळाला" असं म्हणत जाऊ नका. आपल्या जिल्ह्यातलं पोरगं प्रार्थनेत रडतं तेव्हा ते पापासाठीच रडतं असं नसतं. एखाद्याच्या बापानं फवारणीचं औषध पिऊन जीव दिलेला असतो आणि घरात त्याबद्दल कोणी बोललेलं नसतं. चार दिवस प्रेमानं वागणारी माणसं भेटली, म्हणून ते पहिल्यांदा बाहेर आलं. बसा, ऐका, घाई करू नका. झोप उडाली असेल, जगून काय करायचं अशी भाषा असेल, तर डॉक्टरकडे न्या. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे आणि मराठीत बोलतात. विश्वास कमी पडला म्हणून असं होतं, असं कोणी वक्ता सांगून गेला असेल, तर ते चूक आहे हे पाळकांनी वेदीवरून सांगावं.

काही पोरं घरच्यांशी भांडायला शिकून येतात. आजीच्या टिकलीवरून, पोळ्याच्या पुरणपोळीवरून, शेजारच्या महालक्ष्मीच्या जेवणावरून. आपल्या कित्येक घरांत अर्धं कुटुंब चर्चमध्ये आहे आणि अर्ध्यानं १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांसोबत धम्मदीक्षा घेतलेली आहे. मोठे बाबा बुद्धविहारात, काका उपासनेत, आणि वावराचा बांध एकच. अशा घरात लेकरू येऊन "तुम्ही सगळे अंधारात आहात" म्हणालं तर काय होतं, हे शहरातल्या वक्त्याला माहीत नसतं. पोराला पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा आठवा अध्याय वाचायला द्या. खाण्यापिण्याचा प्रश्न तिथं भावाच्या मनाची काळजी घेऊन सोडवलेला आहे. आणि लूकचा दुसरा अध्याय द्या. बारा वर्षांचा येशू यरुशलेमला सणाला गेला, मंदिरात गुरूंमध्ये बसला, सगळे थक्क झाले. मग तो आईबापांसोबत नासरेथला परत आला आणि त्यांच्या आज्ञेत राहिला. घरी पाणी भरणं, मायचा मान ठेवणं, बहिणीवर न ओरडणं, यावरून मी कॅम्प कसा झाला ते ओळखते.

"मला पूर्णवेळ सेवा करायची आहे, कॉलेज सोडतो" असं म्हणणाऱ्या पोराला हसू नका आणि लगेच हारही घालू नका. शिक्षण पूर्ण कर, तोवर एक वर्ष संडे स्कूल शिकव, पाळकांसोबत आजाऱ्यांच्या भेटीला जा. पावसाळ्यात चिखल तुडवत भेटीला जाऊनही त्याची इच्छा राहिली, तर मंडळीनं त्याच्यामागे उभं राहावं, पैशानंसुद्धा.

पुढे महिन्यातून एक शनिवार संध्याकाळ पोरांसाठी ठेवा. जवळपासच्या दोन-तीन गावांच्या मंडळ्या मिळून करा, म्हणजे पंधरा-वीस पोरं जमतात. आलूभात आणि कढी एवढं जेवण पुरतं. थोडं वाचन, थोडी गाणी, भरपूर गप्पा.

आणि शाळा उघडण्याआधी आयोजकांना पत्र लिहा. काय चांगलं झालं ते आधी. मग कोणतं बोलणं पोरांना कळलं नाही, संडास कमी पडले का, मुलींजवळ बाया पुरेशा होत्या का, रात्री किती वाजले. आपल्यापैकी कोण पुढच्या वेळी स्वयंपाकात, गटचर्चेत, वाद्यांवर मदतीला येऊ शकतं त्यांची नावं द्या. खेड्यातल्या पोरांना तिथं ऐकायलाच बसवतात. आमच्या ढोलकीवाल्याला एका सकाळी तरी मंचावर बसवा, असं मी दर पत्रात लिहिते.