अंधारात रनिंगला जाताय? आधी रस्ता नीट निवडा, बाकीचं नंतर

जानेवारीत मुंबईत सूर्य उगवतो सव्वासातच्या आसपास आणि डिसेंबरच्या सुरुवातीला संध्याकाळी सहालाच मावळतो, म्हणजे जिला डबे करून, पोरांना स्कूलबसला सोडून नऊला ऑफिस गाठायचंय तिने धावायचं कधी तर अंधारातच. त्यामुळे "उजाडल्यावर जा ना" हा सल्ला आपल्या काही कामाचा नाही. घरच्यांची काळजी खरी असते, पण त्यावर उपाय धावणं बंद करणं नाही, आणि कोणी त्रास दिलाच तर चूक त्याची असते, तुमच्या शॉर्ट्सची किंवा पहाटे पाचच्या वेळेची नाही, हे आधीच सांगून ठेवते.

सगळ्यात महत्त्वाचा रस्ता. आपण रस्ता निवडताना झाडी बघतो, गर्दी नको म्हणतो, चढ-उतार बघतो. अंधारात हे सगळं बाजूला ठेवा आणि त्या वेळेला तिथे कोण जागं असतं ते बघा. पहाटे पाचला पेपरचे गठ्ठे उतरतात तो चौक, दुधाचं केंद्र, एसटी स्टँड, फुलवाले, चोवीस तास चालू असलेला पेट्रोल पंप, हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीचं गेट, ही आपली ठिकाणं. दर चार-पाच मिनिटांनी असं एखादं ठिकाण लागलं पाहिजे असा रूट आखा. संध्याकाळचं गणित वेगळं, तेव्हा बाजारपेठेचा रस्ता चांगला पण परमिट रूमच्या बाहेरचा पट्टा टाळलेलाच बरा. आणि नवीन रूट आधी दिवसा चालून बघा, मग अंधार पडल्यावर कोणाला तरी बरोबर घेऊन टू-व्हीलरवरून एक चक्कर मारा, म्हणजे कुठले दिवे बंद आहेत, कुठे बांधकामाचे पत्रे लावलेत, कुठे रात्रभर ट्रक आणि स्कूलबसची रांग उभी असते ते कळतं. त्या रांगेच्या आणि भिंतीच्या मधल्या फटीतून कधीच धावायचं नाही, रस्त्याच्या बाजूनेच.

पुण्यातल्या मैत्रिणींना एक सांगायचंय, वेताळ टेकडी आणि तळजाई मलाही खूप आवडतात पण एकटीने अंधारात नको. ग्रुप असेल तरी फटफटल्यावरच वर चढा.

लांब जाऊन परत येण्यापेक्षा छोटे लूप मारा. शिवाजी पार्कचा कट्टा जेमतेम सव्वा किलोमीटरचा, आठ-दहा मिनिटांत परत त्याच लोकांसमोरून जाता, कंटाळा येतो हे खरं पण काही झालं तर ओळखीची जागा कायम जवळ असते. वॉचमन, चहावाले काका, झाडू मारणाऱ्या ताई यांच्याशी दोन शब्द बोलत जा, चेहरा ओळखीचा झाला की ही माणसं आपोआप लक्ष ठेवतात. फक्त कुठे राहता ते सांगायची गरज नाही आणि दिशा, वेळ अधूनमधून बदलत राहा.

धावायचं ट्रॅफिकच्या समोरून, म्हणजे आपल्याकडे रस्त्याच्या उजव्या कडेने. हे फक्त अपघातासाठी नाही बरं का, मागून बाइकवर येऊन हात मारून जाणारे किंवा फोन हिसकावणारे जे असतात ना, त्यांना ही संधीच मिळत नाही कारण गाडी आधी दिसते. मंगळसूत्र, चेन घरी ठेवा, फोन हातात नको, कमरेच्या बेल्टमध्ये. रिफ्लेक्टर पट्टी छातीवर असतेच पण घोट्याला आणि गुडघ्याला जरूर लावा, हलणारे पाय दिसले की ड्रायव्हरला लांबूनच कळतं की माणूस धावतोय. हेडफोन नकोच, अगदी राहवत नसेल तर एकाच कानात आणि बारीक आवाजात.

आता फोनचं. व्हॉट्सॲपचं लाइव्ह लोकेशन १५ मिनिटं, १ तास किंवा ८ तास असं असतं, दीड तासाचं रनिंग असेल तर ८ तासांचं लावा आणि आल्यावर बंद करा. पण ते अशा माणसाला पाठवा जो त्या वेळी खरंच जागा असेल, आणि आधी ठरवून ठेवा की अमुक वाजेपर्यंत मेसेज आला नाही तर फोन करायचा, उचलला नाही तर थेट निघायचं. स्ट्रावावर, म्हणजे रनिंगची नोंद ठेवणाऱ्या ॲपवर, रूटची सुरुवात आणि शेवट लपवायची सोय आहे ती आजच चालू करा, प्रोफाइल फक्त फॉलोअर्सना दिसेल असं ठेवा. २०१८ मध्ये त्यांच्या हीटमॅपवरून, म्हणजे सगळे कुठे कुठे धावतात ते दाखवणाऱ्या नकाशावरून, सैन्याचे तळ कुठे आहेत ते जगाला दिसलं होतं, मग रोज एकाच गेटपासून सुरू होणारी तुमची रेघ बघून घर शोधायला कितीसा वेळ लागणार?

कोणी मागे येतंय असं वाटलं तर मनाशी वाद घालू नका की मला भास होतोय का वगैरे. रस्ता क्रॉस करा, तोही आला तर सरळ उलट फिरा आणि जिथे माणसं आहेत तिकडे जा, घराकडे अजिबात नाही, नाहीतर पत्ता त्याला फुकट मिळतो. मोठ्याने बोला. नुसतं "वाचवा" ओरडलं की प्रत्येकाला वाटतं दुसरा जाईल, म्हणून एकाला धरून बोलवा, "ओ निळ्या शर्टवाले दादा, हा माणूस माझ्या मागे लागलाय, इकडे या!" बाइक असेल तर नंबर मोठ्याने म्हणत राहा, तोंडपाठ होतो. पेपर स्प्रे घेणार असाल तर तो हातात हवा, बॅगेत नाही, आणि एक्सपायरी बघा, वाऱ्याच्या दिशेचं भान ठेवा, मोकळ्या जागेत एकदा मारून बघा.

११२ लक्षात ठेवा, पोलीस, अँब्युलन्स सगळ्याला हाच नंबर. बऱ्याच फोनमध्ये पॉवरचं बटण पटापट तीन किंवा पाच वेळा दाबलं की इमर्जन्सी कॉल लागतो, तुमच्या फोनमध्ये काय आहे ते सेटिंगमध्ये आत्ताच बघून घ्या. आणि अंगाला हात लागला नाही म्हणून तक्रार होत नाही असं समजू नका. पाठलाग करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे, घाणेरडे शब्द आणि हावभाव ७९ खाली येतात. तक्रार कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते, झिरो एफआयआर म्हणतात त्याला, हद्द आमची नाही असं सांगून परत पाठवता येत नाही.

कुत्र्यांचं थोडक्यात सांगते. अंगावर आली तर धावणं थांबवा, डोळ्यात बघू नका, हळूहळू बाजूला व्हा. चावलंच तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी इंजेक्शन सुरू करा.

धावणारे पुरुष हे वाचत असतील तर त्यांना कळकळीची विनंती, अंधारात एकट्या बाईच्या मागून येत असाल तर लांबूनच "उजवीकडून येतोय" असं म्हणा किंवा पलीकडच्या बाजूने पुढे जा.

आणि बंद दिव्यांच्या मागे लागा. खांबावर नंबर रंगवलेला असतो, त्याचा फोटो काढा, मुंबईत १९१६ वर, बाकी शहरांत महापालिकेच्या ॲपवर किंवा वॉर्ड ऑफिसमध्ये तक्रार द्या आणि तक्रारीचा नंबर रनिंग ग्रुपवर टाका, म्हणजे आठवडाभरात दिवा लागला नाही तर दुसरी कोणीही तोच नंबर घेऊन परत विचारू शकते.