इंदूर: लीज नूतनीकरणाचा अर्ज ‘नाव जुळत नाही’ म्हणून परत येत असेल तर

फ्लॅटची ३० वर्षांची लीज संपलेली, कागदावर नाव बाबांचं, आणि बाबा आता नाहीत. नूतनीकरणाचा अर्ज दर वेळी ‘अर्जदार व पट्टाधारक (लीज ज्याच्या नावावर तो) भिन्न’ असा शेरा घेऊन परत यायचा. थकलेलं लीज रेंट भरून पाहिलं, प्रतिज्ञापत्र दिलं, मालमत्ता कराच्या पावत्या जोडल्या (त्यांनी मालकी सिद्ध होत नाहीच). अक्षरशः वैताग आला होता.

शेवटी जमलं ते असं. नूतनीकरण बाजूला ठेवून आधी नामांतरणाचा, म्हणजे बाबांच्या जागी माझं नाव लावण्याचा, स्वतंत्र अर्ज केला. सोबत मृत्यूचा दाखला, मूळ लीज डीड आणि आई व ताईचं हक्कत्यागपत्र (त्यांनी आपला वाटा माझ्यासाठी सोडल्याचं). हे पत्र नोंदणीकृतच हवं, नुसत्या नोटरीवर भागत नाही. माझ्या मते सगळी गाडी इथेच अडते. नामांतरणाचा आदेश हातात पडल्यावर लीज रेंटचा हिशेब माझ्या नावाने काढून घेतला, उरलेलं भरलं, थकबाकी नसल्याचं पत्र घेतलं. मग नूतनीकरणाचा अर्ज, त्यात जुन्या डीडचा नोंदणी क्रमांक आणि आदेशाचा क्रमांक, दोन्ही.

नवी डीड झाली की उपपंजीयकाकडे (सब-रजिस्ट्रार) नोंदवा. १९०८च्या नोंदणी कायद्याने वर्षाहून जास्त मुदतीच्या लीजला नोंदणी सक्तीची आहे, आणि सह्या झाल्यापासून ४ महिन्यांत दस्त सादर करायचा असतो.